उद्घाटनाला दोनशे, तिसऱ्या मंगळवारी किती? (महापालिकेत खेळ-शिबिरांचं काम नव्याने मिळालेल्यांसाठी)

या कामाला महापालिकेत एक ठरलेलं नाव नाहीये. कुठे समाज विकास विभागात समूह संघटक म्हणतात, कुठे क्रीडा विभागात पर्यवेक्षक, आणि आता बरेच जण ११ महिन्यांच्या करारावर मानधनाने लागतात, त्यांच्या ऑर्डरवर नुसतंच 'समन्वयक' लिहिलेलं असतं. काम मात्र सगळीकडे साधारण तेच. मुलांची उन्हाळी शिबिरं, बायकांचे योगाचे नाहीतर झुंबाचे वर्ग, ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रं, वॉर्डातल्या कबड्डी-खोखोच्या स्पर्धा, आणि वर्षभर येणारे ते सगळे 'दिन'. मी नऊ वर्षं हेच करतेय, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून आले तेव्हा मला वाटलं होतं की लोकांना खेळायला शिकवायचंय. प्रत्यक्षात पहिलं वर्ष चावी कुणाकडे आहे हे शोधण्यात गेलं.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवते म्हणजे पुढचं सगळं कळेल. उद्घाटनाला दोनशे माणसं येतातच, कारण आणली जातात. तुमचा कार्यक्रम चाललाय की नाही हे बघायचं असेल तर सुरू झाल्यापासून तिसऱ्या मंगळवारी जाऊन डोकी मोजा. सोमवारी लोक उत्साहात असतात, शनिवारी सुट्टी असते, मंगळवार हा निव्वळ मंगळवार असतो. त्या दिवशी जी माणसं आलीत तेवढाच तुमचा कार्यक्रम.

पहिले पंधरा दिवस: काहीही जाहीर करू नका, फिरा

साहेब म्हणतील लगेच प्लॅन द्या. द्या एक पानाचा, पण मनात पक्कं करू नका. आधी आपल्या प्रभागातल्या जागा पायाने बघून या. महापालिकेची शाळा, तिचं मैदान, उद्यान, समाजमंदिर, बंद पडलेली व्यायामशाळा, पाण्याच्या टाकीखालची मोकळी जागा, सगळं. नगररचना विभागात जाऊन विकास आराखड्याचा नकाशा पण बघा, त्यात क्रीडांगण म्हणून आरक्षण टाकलेल्या जागा असतात (मुंबईत त्याला पीजी म्हणजे प्लेग्राउंड आणि आरजी म्हणजे रिक्रिएशन ग्राउंड म्हणतात) आणि त्यातल्या काही प्रत्यक्षात बघितल्या तर टेम्पो पार्किंग झालेल्या असतात. ते सोडवणं तुमचं काम नाही, पण माहिती असलेलं बरं.

प्रत्येक जागी वहीत एवढंच लिहा: चावी कुणाकडे, पाणी आहे का, संडास उघडा असतो का आणि त्याला आतून कडी लागते का, लाइट कुठून चालू होते, सकाळी ऊन कुठून येतं. तुम्हाला हसू येईल पण माझी दोन शिबिरं संडासाच्या कडीवरून बसली. मुली पहिल्या आठवड्यात होत्या ४० च्या आसपास, मग नऊ-दहा. मी आपली प्रशिक्षकाला बोलत बसले की शिकवणं कंटाळवाणं आहे का. शेवटी एकीच्या आईने सांगितलं, ताई, पोरी पाणीच पीत नाहीत तिथे, जायला नको म्हणून. चाळीस रुपयांची कडी. ती बसवायला बांधकाम विभागाला पत्र दिलं, आवक क्रमांक पडला, तीन आठवडे झाले, शेवटी शाळेच्या मामांनीच स्वतः आणून ठोकली आणि पैसे पण घेतले नाहीत.

मामांचं आलंच तर सांगते, शाळेचे शिपाई, उद्यानातले माळी, समाजमंदिराचे वॉचमन या तिघांशी तुमचं नीट जमलं पाहिजे. आयुक्तांची सही असलेलं पत्र असूनही गेट उघडत नाही आणि मामा म्हणाले 'या हो मॅडम' की सकाळी सहालाच उघडं असतं. त्यांना चहा पाजून काम काढायचं असं म्हणत नाहीये मी, त्यांना वेळापत्रक आधी द्या, त्यांच्या रविवारच्या सुट्टीत कार्यक्रम टाकू नका, आणि तुमची माणसं गेल्यावर वर्ग झाडलेला असू द्या. बस.

लोकांना विचारायचं, पण 'काय पाहिजे' असं नाही

'तुम्हाला काय पाहिजे' विचारलं की सगळे 'स्विमिंग टँक' म्हणतात. त्यापेक्षा विचारा की सकाळी तुम्ही किती वाजता मोकळ्या होता, संध्याकाळी टँकरची, नाहीतर नळाची वेळ काय, पोरं शाळेतून कधी येतात, धाकट्याला कोण सांभाळतं. यावरून वेळ ठरते आणि वेळ बरोबर बसली की अर्धं काम झालं. आमच्याकडे एका वस्तीत सकाळी साडेसहाच्या योगवर्गाला कुणीच येईना, पाणी यायची वेळ तीच. तो वर्ग दुपारी अडीचला नेला, कुणाला पटत नव्हतं, पण धुणीभांडी करून आलेल्या बायकांचा तोच एक तास स्वतःचा होता. तिसऱ्या मंगळवारी २७ जणी.

नाव काय देता यावर पण खूप असतं. 'महिला व्यायाम वर्ग' म्हटलं की चाळिशीच्या पुढच्या बायका 'आता काय आमचं वय आहे का' म्हणून हसतात. त्याच बायका श्रावणात मंगळागौरीचा सराव म्हटलं की पदर खोचून फुगडी, झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं सगळं करतात आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात म्हणून सांगतात. पण इथे एक लक्षात ठेवा, मंगळागौर म्हटलं की काही जणी आपोआप बाहेर राहतात. संक्रांतीला पण तसंच, पत्रिकेवर हळदीकुंकू लिहिलं की विधवा बायका येत नाहीत, मुस्लिम बायकांना वाटतं आपलं नाही. आम्ही 'तिळगूळ आणि खेळ' असं लिहायला लागलो. पहिल्या वर्षी एक आजी दारातच उभ्या राहिल्या, आत यायचं की नाही असं करत, त्यांना कुणीतरी लंगडीत ओढलं. त्या एका पायावर तीन उड्या मारून खाली बसल्या आणि इतक्या हसल्या की दम लागला. नंतर दर बुधवारी त्या सगळ्यांच्या आधी.

वर्षाचं कॅलेंडर

एप्रिल-मे मध्ये उन्हाळी शिबिर, वेळ सकाळी ७ ते ९:३०, त्यापुढे मैदानात पोरं ठेवू नका, विदर्भ-मराठवाड्यात तर नऊलाच आवरा. २१ जून योग दिन. जून ते सप्टेंबर मैदान चिखल, तेव्हा कॅरम, बुद्धिबळ, नाट्यवाचन, जे छपराखाली होतं ते. गणपतीत काही ठेवू नका, तुमची जागा, तुमचे स्वयंसेवक, तुमचे ढोलवाले प्रशिक्षक सगळे मंडळात असतात. २९ ऑगस्टला ध्यानचंदांच्या जयंतीचा राष्ट्रीय क्रीडा दिन, १५ जानेवारीला खाशाबा जाधवांच्या जयंतीचा राज्य क्रीडा दिन, १ ऑक्टोबर ज्येष्ठांचा, ३ डिसेंबर दिव्यांगांचा, ८ मार्च महिलांचा. दिवाळीत किल्ले स्पर्धा ठेवा, खर्च जवळजवळ शून्य आणि आख्खी सोसायटी बाहेर येते.

हे 'दिन' कमीत कमी खर्चात उरका असं माझं स्पष्ट मत आहे. एका दिवसाच्या मंडप-खुर्च्या-स्टेजच्या पैशात एक प्रशिक्षक कित्येक महिने येऊ शकतो. पण दिनाचे फोटो निघतात आणि रोजच्या तासाचे निघत नाहीत, त्यामुळे दरवर्षी हे भांडण होणार, तयारी ठेवा.

फाईल

हा भाग मोठा आहे, कारण नवीन मुलं इथेच रडतात.

आधी पैसे कुठल्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातला खर्चाचा ठरलेला कप्पा, त्यालाच 'हेड' म्हणतात) येणार ते बघा. महापालिकेचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. पुढच्या वर्षाला पैसे हवे असतील तर अंदाजपत्रकाची मागणी दिवाळीच्या आसपासच विभागाकडून जाते, फेब्रुवारीत जागे झालात तर संपलं. क्रीडा विभागाचं हेड लहान असतं, म्हणून शेजारी पण बघा. महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के आणि दिव्यांग कल्याणासाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो, आणि तो बऱ्याचदा मार्चपर्यंत अखर्चित पडलेला असतो. मुलींचं कबड्डी शिबिर महिला व बालकल्याणमधून होऊ शकतं. दिव्यांग मुलांसाठी वेगळं शिबिर न घेता त्याच शिबिरात जास्तीचा प्रशिक्षक आणि रॅम्पचा खर्च दाखवता येतो का हे त्या विभागाच्या क्लार्कला आधीच विचारून घ्या.

मग टिपणी, म्हणजे मंजुरीसाठीचा प्रस्ताव, लिहायची. विषय, गरज, लाभार्थी किती, कालावधी, खर्चाचा तक्ता, लेखाशीर्ष, शिल्लक तरतूद, आणि शेवटी 'मान्यतेस्तव सादर'. कुणी शेरा मारला की 'सदर बाब मनपाच्या कर्तव्यात येते काय' तर घाबरू नका, ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा, क्रीडांगणं आणि सांस्कृतिक बाबींना चालना हे स्पष्ट लिहिलंय, तेवढं एक वाक्य टाकून फाईल परत पाठवा. माझी फाईल याच शेऱ्याने दोन महिने फिरली होती, मला उत्तर माहिती नव्हतं म्हणून.

तक्ता कसा करायचा, समजा ६० मुलं आणि २० दिवस. तीन प्रशिक्षक रोज ५०० प्रमाणे ३०,०००. खाऊ प्रत्येकी १५ रुपये, १८,०००. साहित्य १२,०००. फक्की (मैदान आखायची पांढरी पावडर), दोरी, खुंट्या १,५००. प्रथमोपचार आणि ओआरएस १,५००. पाण्याचे जार रोज दोन, ४० प्रमाणे १,६००. प्रमाणपत्रं १,२००. झाले ६५,८००. दर तुमच्या गावात वेगळे असतील, पण क्रम बघा, बॅनर यात नाहीये. बॅनर कुणीतरी करतोच, तुम्ही त्याची काळजी करू नका.

वस्तू घेताना तीन दरपत्रकं, मग कार्यादेश (खरेदीची लेखी ऑर्डर), मग वस्तू, मग बिल. हा क्रम उलटा करू नका म्हणजे करूच नका. दुकानदार ओळखीचा आहे, शिबिर उद्या आहे, आधी बॉल आणू नंतर कागद करू, असं केलं की तारखा जुळत नाहीत आणि ऑडिटला तुमचं नाव येतं, साहेबांचं नाही. घेतलेली वस्तू नोंदवायची पण रीत आहे. कॅरम बोर्ड, नेट, खोखोचे खांब हे डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत. शटल, फक्की, बॉल हे वापरून संपणारं, त्याचं वेगळं रजिस्टर. मला पहिल्या ऑडिटला विचारलं होतं, '२४ शटल घेतलीत, दाखवा.' मी म्हटलं सर, ती खेळून तुटली. तर म्हणाले तुटलेली दाखवा! तेव्हापासून पिसं गेलेली शटलं, फुटके बॉल, फाटकी नेट सगळं एका पोत्यात ठेवते आणि वर्षाअखेर निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढायचा, प्रस्ताव करते. ते पोतं माझ्या टेबलाखाली असतं, पाय ठेवायला बरं पडतं. आणि हो, कॅरमची पावडर बिलात नुसती 'पावडर' लिहू नका, लेखा विभागातल्या ताईंनी 'सौंदर्यप्रसाधने अनुज्ञेय नाहीत' असा शेरा मारला होता, दोन फेऱ्या झाल्या.

परवानग्या

आपण महापालिकाच आहोत म्हणून परवानगी लागत नाही असं समजू नका. उद्यानात काही घ्यायचं तर उद्यान विभागाचा ना हरकत दाखला, शाळेत घ्यायचं तर शिक्षण विभागाचा, मंडप असेल तर अग्निशमन आणि पोलीस, रस्त्याला लागून असेल तर वाहतूक शाखा. स्पीकरला पोलिसांची परवानगी. रात्री १० ते सकाळी ६ बंद, हे सगळ्यांना रात्रीचं माहिती असतं पण सकाळचं विसरतात, पहाटे साडेपाचला बागेत झुंबाची गाणी लावली की तक्रार येणारच. रहिवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्टापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. बागेच्या भिंतीला लागून प्रसूतिगृह असेल तर स्पीकरचा विचारच सोडा, शिट्टी आणि टाळ्यांवर पण वर्ग होतो, आमचा होतो.

पत्रिकेतली नावं

हसू नका, यावरून माणसांच्या बदल्या झाल्यात. निमंत्रण पत्रिकेत कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, कुणाच्या नावाआधी 'मा.' राहिलं, हे सगळं राजशिष्टाचाराने ठरतं, म्हणून मजकूर स्वतः करू नका, जनसंपर्क कार्यालयाकडून किंवा नगरसचिव कार्यालयाकडून तपासून घ्या आणि त्याची सही ठेवा. मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांत एका प्रभागात साधारण चार नगरसेवक असतात, चारही वेगवेगळ्या पक्षांचे असू शकतात, चौघांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचा फोन किंवा मेसेज करा. एकाला आधी कळलं की बाकीच्या तिघांना तो त्या एकाचाच कार्यक्रम वाटतो आणि मग त्यांच्या वस्तीतली पोरं येत नाहीत. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवीन काही सुरू करू नका, चालू वर्ग चालू ठेवता येतील का ते लेखी विचारा, आणि कोनशिला, बॅनर, प्रमाणपत्रावरचे फोटो झाका. छापून ठेवलेली प्रमाणपत्रं वाया जातात म्हणून मी आता त्यावर कुणाचाच फोटो टाकत नाही, फक्त बोधचिन्ह.

नगरसेवकांना टाळू नका पण. पाण्याचा टँकर, मैदानातला राडारोडा, बंद दिवा, ज्याला तुमच्या पत्राने महिना लागतो ते त्यांच्या एका फोनने दुपारी होतं. २०२२ पासून बऱ्याच ठिकाणी नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तेव्हा आम्हाला हे चांगलंच कळलं.

पोरांची जबाबदारी

फॉर्ममध्ये एवढं पाहिजेच: नाव, वय, पालकांचे दोन मोबाइल नंबर, काही आजार किंवा फिट्स येतात का, कशाची ॲलर्जी, आणि घ्यायला कोण येणार. आधारची झेरॉक्स मागू नका, ती गठ्ठ्याने कपाटात पडून राहते, आणि कागद नसलेली मुलं लाजून येतच नाहीत. प्रशिक्षक नेमताना ओळखपत्र, पत्ता आणि पोलीस पडताळणी, कुणाचा भाऊ असला तरी. मुलींच्या वर्गाला एक बाई कायम हजर. एकट्या मुलाला किंवा मुलीला कुणी गाडीवरून सोडायला जाणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा म्हणजे नंतर कुणाला वैयक्तिक लागत नाही. मुलांबाबत काही चुकीचं कानावर आलं तर चौकशी करत बसू नका, पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) कायद्यात पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, १०८ ला रुग्णवाहिका, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७, हे तिन्ही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

व्हॉट्सॲप ग्रुप करा पण फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा. नाहीतर तिसऱ्या दिवसापासून गुड मॉर्निंगची फुलं आणि चौथ्या दिवशी भांडण. मुलींचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, वृत्तांतासाठी लागतात ते लांबून आणि पालकांना विचारून.

मैदान आखताना

जागा लहान आहे म्हणून कबड्डी नको असं म्हणू नका, पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर आणि महिलांचं १२ बाय ८, शाळेच्या अंगणात बसतं. खोखोला २७ बाय १६ लागतं, त्यात खांब रोवायचे म्हणजे खड्डे, त्याची परवानगी घ्या आणि नंतर बुजवा. उलटं पण होतं, आमच्या शिबिराच्या पहिल्या सकाळी गेलो तर आदल्या रात्री तिथे लग्न झालेलं, मैदानभर बांबूचे खड्डे आणि पत्रावळी. ६० पोरं गेटवर. त्या दिवशी पहिला तास पोरांनी खड्डे बुजवले, फक्की मारली, आणि खरं सांगायचं तर त्या बॅचची हजेरी सगळ्यात चांगली राहिली, मैदान त्यांचं झालं होतं. मुद्दाम असं करू नका अर्थात.

विरंगुळा केंद्राचं थोडक्यात: दोन कॅरम बोर्ड पाहिजेत, एक नाही. टीव्ही ठेवू नका, रिमोटवरून होणारी भांडणं मी सोडवून थकले. वर्तमानपत्रं तीन. बसायला पाठ असलेल्या खुर्च्या. आणि फक्त आजोबाच दिसत असतील तर आठवड्यात दोन दुपारी आज्यांसाठी राखून ठेवा, नाहीतर त्या दारातून बघून परत जातात.

हजेरी आणि तो मंगळवार

हजेरीपत्रक रोजचं, नावानिशी, शेवटी एका दिवशी बसून टिका मारलेलं नाही, ते लगेच ओळखू येतं, एकाच पेनाची शाई असते. तिसऱ्या मंगळवारी आकडा पहिल्या आठवड्याच्या निम्म्यावर आला असेल तर न येणाऱ्यांपैकी पाच जणांच्या घरी जा. फोन नको, घरीच जा. फोनवर सगळे 'येते ताई उद्या' म्हणतात. घरी गेलं की कळतं की सासूबाई पडल्यात, की शिफ्ट बदलली, की प्रशिक्षक सगळ्यांसमोर 'जाड्या' म्हणाला. हे शेवटचं मी एकदा ऐकलं, त्या प्रशिक्षकाला बदललं, फाईलवर कारण 'प्रशासकीय' लिहिलं.

आणि करार संपायच्या आधी

११ महिने संपले की मध्ये खंड देतात, कधी आठवडा, कधी दोन महिने. वर्ग तुमच्याशिवाय चालू राहिला पाहिजे, म्हणून दहाव्या महिन्यातच प्रत्येक गटातून दोघीतिघींना चटया काढणं, हजेरी घेणं, कुलूप लावणं शिकवून ठेवा. मानधनाची बिलं सगळी सादर करून पोच घ्या, नंतर कुणी ओळख देत नाही. डेडस्टॉक रजिस्टर मोजून, सही घेऊन द्या, पोत्यासकट. आणि ती पहिल्या पंधरा दिवसांतली वही, चाव्या कुणाकडे आणि कुठल्या संडासाला कडी नाही हे लिहिलेली, तिची झेरॉक्स नवीन माणसाच्या टेबलावर ठेवून जा. मूळ वही स्वतःकडे ठेवा, परत ऑर्डर निघाली तर दुसऱ्याच प्रभागात पाठवतील, पण शाळेचे मामा पण तिकडे बदलून आलेले असू शकतात.